शेल्याखालचं पदक : महापुरात भिजलेल्या एका तैलचित्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. दगडी जोत्याची दुमजली इमारत, तळमजल्यावर वाचनकक्ष, आणि त्या कक्षाच्या भिंतींवर संस्थापक, देणगीदार, माजी अध्यक्ष यांची तैलचित्रं. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचनालयांत, नगरपालिकांच्या सभागृहांत, कोर्टांच्या बार रूममध्ये अशी चित्रं अजूनही बरीच आहेत. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांना संस्थानिक, वकील, सावकार यांची व्यक्तिचित्रं करण्याचं काम मिळे. धुरंधर, त्रिंदाद, पिठावाला ही त्यातली मोठी नावं. त्यांच्या पाठीमागे गावोगावच्या कामांवर पोट भरणारे असे कितीतरी चित्रकार होते, ज्यांच्या सह्या आज कुणाला ओळखताही येत नाहीत. हे चित्र अशाच एकाचं. गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही बारीक तपशील बदलले आहेत.

चित्रातले गृहस्थ वाचनालयाचे दुसरे अध्यक्ष. पेशानं वकील, सरकारकडून रावबहादूर ही पदवी मिळालेले. चित्र सुमारे चार फूट उंच आणि सव्वातीन फूट रुंद, कॅनव्हासवर तैलरंगात. लाल पगडी, पांढरा अंगरखा, खांद्यावरून मांडीपर्यंत आलेला जरीकाठी शेला, एक हात टेबलावरच्या पुस्तकावर. कॅनव्हासच्या मागे लंडनच्या रंगसाहित्य विक्रेत्याचा अर्धवट पुसलेला शिक्का. त्या काळात अस्तर-रंग चढवलेला तयार कॅनव्हास विलायतेहून यायचा, त्यामुळे शिक्क्याचं नवल नव्हतं. सही खाली उजव्या कोपऱ्यात. वाचनालयातल्या मंडळींचा अंदाज होता की चित्र १९२५ च्या आसपासचं असावं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वाचनकक्षात पाणी शिरलं आणि चित्राचा खालचा तिसरा हिस्सा ते ओसरेपर्यंत पाण्यात राहिला.

पुरानंतरचे पहिले दिवस

पाणी उतरल्यावर वाचनालयाच्या लोकांपुढे पहिला प्रश्न पुस्तकांचा होता, आणि तो रास्तच होता. चिखलाचे लगदे झालेले गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर काढायचे होते. चित्रं उतरवून गच्चीवर नेली आणि वाळवणासारखी उन्हात ठेवली. रावबहादुरांच्या चेहऱ्यावर गाळ उडाला होता म्हणून कुणीतरी तो ओल्या फडक्यानं पुसला. त्यांच्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं. भिजलेली वस्तू उन्हात घालायची हे आपल्या हाडीमासी मुरलेलं आहे.

तैलचित्राच्या बाबतीत मात्र खरी हानी भिजण्यापेक्षा वाळताना होते. कॅनव्हासवर आधी सरसाचा थर असतो, त्यावर पांढरा अस्तर-रंग, त्यावर चित्राचा रंग आणि सगळ्यात वर वॉर्निश. पाणी मागून शिरतं. सरस फुगतो, त्याची पकड सुटते. लिननचे धागे पाणी पिऊन जाड होतात आणि जाड झालेले धागे एकमेकांत अडकून वीण आखडते, म्हणजे कापड आटतं. शंभर वर्षांचा कडक झालेला रंग आटत नाही. त्याला पुरेशी जागा उरत नाही, मग तो खालून सुटून तंबूसारखा वर उचलला जातो. उन्हात हे सगळं फार झपाट्यानं होतं.

आमच्याकडे, म्हणजे जुन्या चित्रांचं संवर्धन करणाऱ्यांकडे, फोन आला तेव्हा चित्र दुसऱ्यांदा गच्चीवर जायच्या बेतात होतं. फोनवर सांगितलं ते इतकंच : सावलीत आणा, रंगाची बाजू वर करून आडवं ठेवा, चौकटीखाली चार विटा द्या म्हणजे खालून वारा लागेल, पंखा लावा पण चित्रावर रोखू नका, पुसू नका, आणि कॅनव्हास चौकटीवरून सोडवू नका. शेवटची सूचना त्यांना पटेना, कारण चौकटीची खालची पट्टी वाळवीनं पोखरलेली आणि पाण्यानं फुगलेली होती. पण चौकट कशीही असली तरी ती कापडाला धरून ठेवत होती. सोडवलं असतं तर उरलेलं कापडही आटलं असतं.

प्रत्यक्ष गेलो तेव्हा वाचनालयाच्या शिपायांनी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, लग्नपत्रिकेचं एक पाकीट हातात ठेवलं. आत रंगाच्या खपल्या होत्या. गच्चीवर आणि जिन्यात पडलेल्या त्यांनी एकेक वेचल्या होत्या. "केरात टाकवंना, म्हणून ठिवल्या," म्हणाले. बहुतेक खपल्या नखाएवढ्याही नव्हत्या. त्यातली एक मात्र पुढे फार कामाला आली.

नेमकं काय बिघडलं होतं

खालच्या भागात रंग जागोजाग उचललेला आणि हाताच्या पंजाएवढ्या दोन जागांत पूर्ण गेलेला. पाण्याच्या रेषेवर गाळाचा तपकिरी पट्टा. या भागातली काळी माती अतिशय बारीक कणांची आणि चिकट. ती रंगाच्या भेगांत जाऊन बसली होती. त्या पाण्यात डिझेल आणि गटारही होतं, त्यामुळे सगळं काम मास्क आणि हातमोज्यांत. मागच्या बाजूला बुरशी, कारण सरस हे बुरशीचं आवडतं खाद्य. तरंगत्या कपाटाचा कोपरा लागून टेबलाच्या जागी एक वीतभर फाटलेलं. ही झाली पुराची देणगी.

पुराशी संबंध नसलेलं दुखणंही होतं. वॉर्निश पिवळं-तपकिरी पडलं होतं. गालांवर आणि मिशांवर नंतर कुणीतरी रंग चढवल्याचा संशय साध्या डोळ्यांनीही येत होता, कारण मिशा वयाच्या मानानं फारच काळ्याभोर होत्या. आणि शेल्यात काहीतरी खटकत होतं. अंगरख्याच्या चुण्या ज्या हातानं रंगवल्या होत्या त्या हातानं हा शेला रंगवलेला नाही, असं पाहताक्षणी वाटत होतं. खालच्या भागात पाण्यानं शेल्याचा रंग मोठ्या प्रमाणात निघाला होता, आणि त्याखाली उघडं कापड दिसायला हवं तिथे अंगरखा दिसत होता, बटणासकट.

समोर असलेले पर्याय

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे चार रस्ते होते.

पहिला, गावातल्या एका चित्रकारांकडून चित्र पुन्हा रंगवून घ्यायचं. पंधरा हजारांत, दिवाळीआधी. गृहस्थ सज्जन, हात चांगला, आणि वाचनालयाबद्दल आस्था असलेले. पण त्यांच्या पद्धतीत सुटलेला रंग खरवडून काढायचा, त्यावर लांबी भरायची आणि ट्यूबमधल्या तैलरंगानं वरून रंगवायचं, असं होतं. म्हणजे खालचा तिसरा भाग नवा, आणि वरचा त्याच्याशी जुळावा म्हणून तोही थोडाफार नवा.

दुसरा, मूळ चित्र गुंडाळून ठेवायचं आणि जुन्या फोटोवरून कॅनव्हासवर छापील प्रत लावायची. मंडळातल्या तरुण सदस्यांना हा व्यवहारी वाटत होता. अडचण अशी की रंगीत फोटो कुणाकडेच नव्हता, आणि सुटलेल्या रंगाचा कॅनव्हास गुंडाळणं म्हणजे तो चुरा करणं.

तिसरा प्रस्ताव अमेरिकेतून आला. रावबहादुरांचे पणतू न्यू जर्सीत असतात. चित्र तिकडे पाठवा, उत्तम प्रयोगशाळेत दुरुस्त करून घेतो, सगळा खर्च माझा, असं त्यांनी कळवलं. मंडळातल्या अर्ध्या लोकांचा कल इकडेच होता, आणि पैशाचा प्रश्न एका फटक्यात सुटत असेल तर तो का नसावा?

चौथा रस्ता म्हणजे इथेच संवर्धन करून घेणं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, लखनऊला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, वारसा जपण्याचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या शाखा आहेत, आणि आमच्यासारखे स्वतंत्रपणे काम करणारेही आहेत. पण खर्च पहिल्या पर्यायाच्या कित्येक पट, वेळ वर्षाच्या पुढे, आणि पूरग्रस्त वाचनालयाला आलेली मदत सगळी पुस्तकांसाठी.

अमेरिकेचा प्रस्ताव मामांच्या पाकिटानं निकालात काढला. खपल्या भिंगाखाली लावून पाहताना एका गडद तपकिरी तुकड्यावर लाल रंगाचे दोन आकडे दिसले. सहीखालच्या सालातले शेवटचे दोन आकडे तिथून निघून गेले होते. हा तुकडा त्या जागेत भेगेला भेग जुळून बसला. आकडे होते एक आणि नऊ. चित्र १९१९ चं ठरलं, म्हणजे त्याच वर्षी त्यानं शंभरी गाठली होती. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं चित्र पुरावस्तूत मोडतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. पणतूंना हे कळवलं. ते थोडे हिरमुसले, पण पैसे देण्याचा शब्द त्यांनी पाळला. अर्धा खर्च त्यांचा, उरलेला गावातल्या देणगीदारांचा. चौथा पर्याय असा ठरला. निव्वळ तत्त्वाच्या जोरावर तो ठरला असता का, याबद्दल मला शंका आहे.

प्रवासाआधीचं काम

चित्र आहे त्या स्थितीत हलवलं असतं तर पुण्यापर्यंतच्या रस्त्यावर उरलेला रंग झडला असता. उचललेल्या रंगावर पातळ जपानी कागद चिकटवून तो तात्पुरता धरून ठेवणं हा नेहमीचा उपाय. कागद कशानं चिकटवायचा, हा इथला पहिला खरा पेच होता.

पाण्यात कालवलेली खळ किंवा सरस स्वस्त, निर्धोक आणि सहज निघणारा. पण हे कापड पाण्यानंच आटलं होतं आणि मागे बुरशी जिवंत होती. पुन्हा पाणी देणं म्हणजे दोन्ही दुखणी वाढवणं. अल्कोहोलमध्ये विरघळणारं चिकट द्रव्य वापरावं तर जुनं वॉर्निश अल्कोहोलमध्ये सुटतं. शेवटी बेव्हा ३७१ हे द्रव्य पेट्रोलजन्य सॉल्व्हंटमध्ये खूप पातळ करून वापरलं. गुस्ताव बर्गर यांनी ते १९७० च्या सुमारास खास चित्रांच्या कामासाठी तयार केलं. ते सुमारे ६५ अंश सेल्सिअसला मऊ होऊन चिकटतं, आणि पेट्रोलजन्य सॉल्व्हंटनंच पुन्हा निघतं. वॉर्निशला त्याचा धक्का लागत नाही. महाग पडलं, पण इथे काटकसर करण्यात अर्थ नव्हता.

चित्र आडवं, फळीवर, टेंपोतून रात्री आणलं. बुरशी आधी मऊ ब्रश आणि बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमनं कोरडीच काढली, मग मागच्या बाजूला मोजकं अल्कोहोल फिरवलं. पुढची कामं मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ठप्प झाली. जपानी कागद ठरवल्यापेक्षा पुष्कळ जास्त काळ चित्रावर राहिला. खळ लावली असती तर त्या पावसाळ्यात काय झालं असतं, याचा विचार करायला आम्हाला भरपूर वेळ मिळाला.

शेल्याखाली काय होतं

स्टुडिओत चित्र अतिनील प्रकाशाखाली पाहिलं. जुनं नैसर्गिक राळेचं वॉर्निश या प्रकाशात हिरवट चमकतं आणि नंतर वरून लावलेला रंग काळा दिसतो. अख्खा शेला काळा दिसला. गालांवर दोन डाग, मिशा आणि पगडीची एक कडाही.

मग एक्स-रे. घोड्यांच्या एका डॉक्टरांकडे हलवता येण्याजोगं मशीन होतं, ते त्यांनी आणलं. जुन्या चित्रांतला पांढरा रंग शिशाचा असल्यामुळे तो एक्स-रेत उजळ उमटतो. शेला त्यात जवळजवळ दिसतच नव्हता, कारण त्याच्या पांढऱ्यात शिसं नव्हतं. त्याच्या खाली, छातीच्या मधोमध, गळ्यातल्या फितीला अडकवलेलं एक पदक मात्र स्वच्छ दिसत होतं. तारेसारखा आकार, मध्ये गोल चकती, वर मुकुट. रावबहादूर, दिवाणबहादूर वगैरे पदव्यांसाठी गळ्यात घालायची पदकं १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी सुरू झाली. १९१९ च्या चित्रात ते असणं अगदी स्वाभाविक.

वाचनालयाची इतिवृत्तं वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली होती. माजी ग्रंथपालांनी ती चाळली तेव्हा १९४८ सालच्या एका सभेतला ठराव सापडला : अध्यक्षांच्या तैलचित्राची "दुरुस्ती व योग्य तो बदल" करण्यासाठी पस्तीस रुपये मंजूर. बदल कोणता, ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नसावी. ब्रिटिश गेले होते, पदक नकोसं झालं होतं, आणि माणूस तर भिंतीवरून उतरवायचा नव्हता. मग पदकावर शेला घातला.

शेला ठेवायचा की काढायचा

या प्रकरणातला हा सगळ्यात अवघड निर्णय. तो घेण्याचा अधिकार आमचा नव्हता, वाचनालयाचा होता, पण निर्णयाला लागणारी माहिती आम्ही द्यायची होती.

मंडळाच्या बैठकीत तीन सूर होते. इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं म्हणणं, चित्रकारानं जे रंगवलं तेच चित्र, बाकी सगळी लपवाछपवी, काढा. ऐंशीकडे झुकलेले एक सदस्य, सगळ्यांचे अण्णा, म्हणाले, "मी परकराएवढ्या चड्डीत इथे चांदोबा वाचायला यायचो तेव्हापासून रावबहादूर शेल्यातच आहेत. पदकवाले रावबहादूर मला कोण?" तिसरा सूर व्यवहाराचा : गावात आजच्या वातावरणात इंग्रजांचं पदक भिंतीवर उघडं केलं तर उगाच वाद व्हायचा.

चित्राच्या बाजूनं पाहिलं तर तीनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. पूर्ण शेला काढायचा. पुरात गेलेला शेल्याचा खालचा भाग पुन्हा रंगवून शेला पुरा करायचा. किंवा आहे तसं सोडायचं, म्हणजे वर शेला आणि खाली शेल्याविना अंगरखा. ही तिसरी गोष्ट काही तज्ज्ञांना प्रामाणिक वाटली असती, पण भिंतीवरचं चित्र पाहताना माणूस अर्धवट कापल्यासारखा दिसला असता.

मी मंडळापुढे दोन मुद्दे ठेवले. शेल्याच्या रंगाखाली वॉर्निशचा आणि धुळीचा थर आहे, आणि त्याखाली मूळ चित्र. पुरात शेला इतक्या सहज सुटला तोही याच थरामुळे. त्याची मूळ रंगावर पकडच नव्हती. म्हणजे पुढे कधीही, पन्नास वर्षांनीसुद्धा, तो मूळ रंगाला फारसा धक्का न लावता काढता येईल. एकदा काढला की मात्र १९४८ सालचा शेला परत आणता येणार नाही. दुसरा मुद्दा असा की गालांवरचा रंग आणि हा शेला एका तोलात धरू नयेत. गालांवरचा रंग कुणीतरी झीज झाकायला लावलेला होता. शेला हा संस्थेनं ठराव करून, पैसे मोजून घेतलेला निर्णय होता, आणि त्या निर्णयाला आता सत्तर वर्षं झाली होती.

शिक्षिकाबाईंना हे पटलं नाही, आणि त्यांचा आक्षेप कच्चा नव्हता. शेला जुना म्हणून ठेवायचा हे ठीक, पण त्याचा गेलेला भाग तुम्ही आज रंगवणार, म्हणजे १९४८ च्या झाकण्यात २०२० साली भर घालणार, त्याचं काय? बैठकीत याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही. तडजोड अशी निघाली की शेला राहील, गेलेला भाग सहज पुसता येणाऱ्या रंगांनी आणि जवळून पाहिल्यास वेगळा ओळखू येईल अशा रीतीनं भरला जाईल, आणि चित्राशेजारी एक्स-रेची छापील प्रत लावली जाईल. मतदानाची वेळ आली नाही. बाईंनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला.

अस्तर द्यायचं की नाही

फाटलेल्या आणि कमकुवत कॅनव्हासला मागून दुसऱ्या कापडाचं अस्तर चिकटवणं ही जुनी पद्धत. आपल्याकडे मधमाशांचं मेण आणि राळ वितळवून त्यानं अस्तर देण्याची पद्धत अनेक वर्षं चालली. तिचा एक खरा फायदा आहे : मेण दमटपणा अडवतं. पण मेण कॅनव्हासमध्ये कायमचं मुरतं, रंग गडद करतं, आणि नंतर कुणाला दुसरं काही करायचं असेल तर मेण आड येतं. १९७४ साली लंडनमधल्या ग्रीनिचला अस्तराच्या पद्धतींवर मोठी परिषद झाली. तिथून जगभर सूर बदलला, आणि गरज सिद्ध झाल्याशिवाय अस्तर देऊ नये, असं मत रुजत गेलं.

इथे गरज होती का? वरचे दोन तृतीयांश कापड सुस्थितीत होतं. खालचं अशक्त होतं, पण कुजलेलं नव्हतं. आम्ही पूर्ण अस्तर टाळलं. कडांना पॉलिस्टरच्या पट्ट्या जोडून कॅनव्हास कामाच्या मोठ्या चौकटीवर ताणला, मागून मोजका दमटपणा देत, रोज थोडा थोडा ताण वाढवत आटलेलं कापड पुन्हा पसरवलं. कापड जसं पसरलं तशी उचललेल्या रंगाला बसायला जागा झाली. मग कोमट स्पॅच्युलानं तो एकेक करून खाली बसवला. हे काम वाचताना जितकं कंटाळवाणं वाटतं तितकंच करतानाही आहे.

फाटलेली जागा धाग्याला धागा जोडून शिवली, मायक्रोस्कोपखाली. नव्या लाकडी चौकटीवर, कोपऱ्यांत पाचरी ठेवून कॅनव्हास चढवला, आणि मागे आधाराला पॉलिस्टरचं कापड न चिकटवता नुसतं ताणून बसवलं.

साफसफाई आणि रंगभरणी

वरच्या कोरड्या भागावरची धूळ लाळेनं काढली. वाचणाऱ्याला किळस येईल, पण कापसाच्या काडीवर घेतलेली माणसाची लाळ हे संवर्धनातलं जुनं आणि मान्य साधन आहे. तिच्यातल्या एन्झाइम्समुळे मळ सुटतो आणि ती रंगाला फारशी बाधत नाही. खालच्या भागात ओलावा नको होता, म्हणून तिथला गाळ बराचसा कोरडाच, सुईनं आणि ब्रशनं काढला.

पिवळं वॉर्निश किती काढायचं, हाही प्रश्न होता. वॉर्निश शेल्याच्या खाली होतं, मग शेला ठेवून वॉर्निश कसं काढणार? चेहरा, पगडी, पार्श्वभूमी इथलं वॉर्निश पातळ केलं, पूर्ण काढलं नाही. शेल्याभोवती हात आखडता घेतला, नाहीतर स्वच्छ अंगरख्यावर शेला डागासारखा उठून दिसला असता. गालांवरचा आणि मिशांवरचा रंग काढला. मिशा करड्या निघाल्या, आणि चेहऱ्याला अचानक वय आलं.

रंग गेलेल्या जागी खडूची लांबी भरून ती मूळ रंगाच्या पातळीला आणली. रंगभरणीसाठी इटलीत चेझारे ब्रांदी यांनी रोममधल्या संवर्धन संस्थेत १९४० च्या दशकात रुजवलेली बारीक उभ्या रेघांची पद्धत वापरली : दुरून रंग सलग दिसतो, जवळून रेघा दिसतात आणि हे मूळ नाही हे कळतं. शेल्याच्या गेलेल्या भागाला ती चपखल बसली, आणि शिक्षिकाबाईंच्या आक्षेपाला देता येण्यासारखं तेवढंच उत्तर होतं. टेबलाच्या जागी एवढी काटेकोर पद्धत लागत नव्हती. तिथे साधी जुळवणी केली. सगळे रंग कृत्रिम राळेतले, सौम्य सॉल्व्हंटनं निघणारे.

पाकिटातल्या खपल्यांपैकी सहीजवळचा तुकडा आणि पुस्तकाच्या कडेचे काही तुकडे जागेवर बसले. बाकीच्यांची जागा सापडली नाही. त्या नोंद करून डबीत ठेवल्या आणि चित्राबरोबर परत दिल्या.

काय झालं पुढे

चित्र वाचनालयात परतलं ते वरच्या मजल्यावर, पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीवर. मागे संरक्षक फळी, आणि भिंत व चौकट यांच्यात बुचाचे तुकडे, म्हणजे मागून हवा खेळेल. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं आणि तळमजल्यात शिरलं. चित्राला काही झालं नाही. त्यात आमच्या कामाचं कर्तृत्व काही नाही, जिना चढवल्याचं आहे.

एक्स-रेची प्रत शेजारी लावल्यापासून लोक चित्रापेक्षा तिच्यापुढेच जास्त वेळ उभे राहतात. ज्या वादाची भीती होती तो झाला नाही. शाळेच्या मुलांना पदक शोधायला लावणं हा ग्रंथपालांचा आवडता खेळ झाला आहे.

पहिल्या पूर्ण पावसाळ्यानंतर कॅनव्हासच्या खालच्या डाव्या बाजूला हलकी लाट दिसू लागली. पाचरी ठोकून ती कमी झाली, गेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दोन दिवसांत जे नुकसान झालं ते पुढच्या सगळ्या कामापेक्षा भारी होतं. गच्चीवरचं ऊन टळलं असतं तर खालच्या भागातला बराच रंग वाचला असता. वाचनालयाच्या आपत्कालीन यादीत फायर ब्रिगेड, वीज मंडळ, नगरपालिका यांचे क्रमांक होते. चित्रांसाठी कुणाला विचारायचं, हे नव्हतं. आता आहे, आणि त्याखाली "पुसू नका, उन्हात ठेवू नका, आडवं ठेवा" ही ओळही आहे.

फोटोंचा शोध उशिरा घेतला गेला. शेल्याची रंगभरणी निम्मी झाल्यावर एका जुन्या सभासदाच्या घरी वाचनालयाची जुनी सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मिळाली. तिच्यातल्या काळ्यापांढऱ्या फोटोत शेल्याचा काठ मांडीवर कसा वळतो ते स्पष्ट दिसत होतं. त्याप्रमाणे काही भाग पुसून पुन्हा करावा लागला. रंग पुसता येणारे होते म्हणून निभावलं. पण वर्तमानपत्रात किंवा गावच्या व्हॉट्सअॅप गटावर "जुने फोटो असतील तर द्या" असं आवाहन कामाच्या आधी करायला काहीच हरकत नव्हती.

अस्तराचा निर्णय आज घ्यायचा झाला तर तो पुन्हा चर्चेला ठेवावा लागेल. अस्तर टाळणं हे वातानुकूलित दालनात लटकणाऱ्या चित्राला जसं मानवतं तसं कृष्णाकाठच्या उघड्या खिडक्यांच्या दालनात मानवेलच असं नाही. बेव्हाचं अस्तर, जे पुढे काढता येतं, ते दिलं असतं तर कदाचित लाट आली नसती. मात्र अस्तर देताना उष्णता आणि दाब यांच्याखाली उचललेला रंग कसा वागला असता, हे सांगता येत नाही. सध्या ठरलं आहे ते असं : दर वर्षी पावसाळा संपल्यावर ग्रंथपाल त्या कोपऱ्याचा तिरप्या उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढून पाठवतात. लाट वाढत गेली, किंवा तिच्यावरच्या रंगात नवी भेग दिसली, तर चित्र उतरवून अस्तर द्यायचं. त्या खर्चासाठी मंडळानं वेगळी ठेव ठेवली आहे.

शेल्याबद्दल मत विचाराल तर मी अजूनही ठेवण्याच्या बाजूचा आहे. शिक्षिकाबाई अजूनही काढण्याच्या. त्यांनी नुकतंच कळवलं की पुढच्या निवडणुकीत त्या मंडळाच्या अध्यक्षपदाला उभ्या राहणार आहेत.